जुनी पुस्तकं चाळताना: अभिजात साहित्य, चरित्रं आणि धर्मचिंतन (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

वाचनालयात देवघेवीच्या खिडकीशी बसलं की तेच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येत राहतात. त्यांतले नेहमीचे इथे उत्तरांसकट दिले आहेत. भर मराठी पुस्तकांवर आहे आणि आवडीनिवडी उघडपणे आमच्या आहेत.

पुस्तक न्यायचं नाही, नुसतं चाळायचं आहे. चालेल का?

चालेल की. जिथे मुक्तद्वार पद्धत आहे तिथे थेट कपाटापाशी जा. जिथे चिठ्ठी लिहून शिपायाकरवी पुस्तक मागवावं लागतं तिथे ग्रंथपालांना सांगा, "आत जाऊन बघू का?" बहुतेक ठिकाणी नाही म्हणत नाहीत. दुपारची वेळ बरी. संध्याकाळी खिडकीशी गर्दी असते आणि मासिकांच्या टेबलावर तर बसायलाही जागा मिळत नाही.

चाळायचीही एक रीत आहे. मुखपृष्ठ आणि मलपृष्ठावरची स्तुती सोडून द्या. शीर्षकपान उलटा आणि त्याच्या पाठीमागे बघा: पहिली आवृत्ती कधीची, हातातली कितवी, संपादन कुणाचं. मग अनुक्रमणिका. मग पुस्तक मधोमध उघडून दोन पानं सलग वाचा. पहिल्या पानावरून जुन्या पुस्तकाची परीक्षा करू नये, कारण तिथे नमन असतं, नाहीतर लेखकाचा लांबलचक विनय. मधल्या दोन पानांत भाषेने धरून ठेवलं तर पुस्तक घरी न्या. नाही धरलं तर परत ठेवा, त्यात अपराध काही नाही. मात्र काढलं तिथेच ठेवा. जागा आठवत नसेल तर टेबलावर ठेवून जा. चुकीच्या कपाटात गेलेलं पुस्तक हरवल्यात जमा असतं.

साहित्य, चरित्र आणि धर्म अशी तीन वेगळी कपाटं आहेत. मला हवं ते नेमकं कुठल्या कपाटात असेल?

हा प्रश्न दिसतो त्याहून अवघड आहे. ड्युई वर्गीकरणात धर्माला २००, मराठी साहित्याला ८९१.४६ आणि चरित्रांना ९२० असे क्रमांक आहेत. पाठीवरच्या चिठ्ठीपुरतं ते सोयीचं आहे. पण मराठीतली जुनी पुस्तकं या तीन खणांत बसायला तयारच नसतात.

'लीळाचरित्र' घ्या. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या आठवणी, त्या ज्यांनी प्रत्यक्ष पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडून गोळा केल्या. ते चरित्र आहे. महानुभाव पंथाचा तो पायाभूत ग्रंथ आहे, म्हणजे धर्म झाला. आणि मराठी गद्याचा अभ्यास त्याच्यापासून सुरू होतो, म्हणजे साहित्यही झालं. एखाद्या वाचनालयात तो तिन्ही कपाटांत सापडला तर ग्रंथपालाला दोष देऊ नका.

पुढेही तेच. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आत्मचरित्रात असतात, पण त्यांच्या मध्यभागी एका घरातलं धर्मांतर आहे. धर्मानंद कोसंबी यांचं 'निवेदन' हेही आत्मचरित्रच. पण गोव्यातल्या सांखवाळचा एक तरुण 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात बुद्धाची गोष्ट वाचतो, पुढे घर सोडतो, काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकतो आणि पाली शिकायला सिलोनपर्यंत पोचतो, हे सगळं धर्माच्या कपाटात ठेवण्याजोगंही आहे.

तेव्हा आमचा सल्ला असा की तिन्ही कपाटं एकच समजून फिरा. एखाद्या संताचा ग्रंथ हाती घेतलात तर त्याचं चरित्र शोधा. चरित्र वाचलंत तर त्या माणसाने काय वाचलं होतं ते शोधा. मराठीत हा माग फार लवकर लागतो. कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी १८९८ मध्ये बुद्धाचं मराठी चरित्र प्रसिद्ध केलं. १९०७ मध्ये भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा त्यांच्या सत्कारात केळुसकर गुरुजींनी तेच पुस्तक त्यांना भेट दिलं. त्या भेटीने पुढे काय काय घडवलं ते आपण सारे जाणतो.

ज्ञानेश्वरी पहिल्यांदाच वाचणार आहे. कुठली प्रत घेऊ?

हा प्रश्न आला की आम्ही आधी उलट विचारतो: पारायण करायचंय की वाचायची आहे?

पारायणासाठी मोठ्या टायपातली, फक्त मूळ ओव्या असलेली, चौरंगावर उघडी राहील अशी प्रत हवी. अर्थ मध्ये आला की लय तुटते. वाचून समजून घ्यायची असेल तर 'सार्थ' प्रत हवी, म्हणजे ओवी आणि तिच्याखाली अर्थ. सोनोपंत दांडेकरांची सार्थ ज्ञानेश्वरी वारकऱ्यांत आणि विद्यार्थ्यांत सारखीच चालते. पहिल्या वाचनाला आम्ही तीच काढून देतो.

आता प्रतींमधला फरक. ग्रंथाच्या शेवटी शके १२१२, म्हणजे इ.स. १२९० हे वर्ष नोंदलेलं आहे, पण त्या काळातली मूळ पोथी आज कुणाकडेही नाही. नकलांवरून नकला होत गेल्या आणि पाठ बिघडत गेले. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी वेगवेगळ्या प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. यापुढे जो यात आपली ओवी घुसडील तो अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवील, असंही बजावून ठेवलं. संपादकाने दिलेली याहून कडक तंबी मराठीत आमच्या पाहण्यात नाही. मग १९०९ मध्ये इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी एक वेगळी, एकनाथपूर्व म्हणून सांगितलेली प्रत छापली आणि अभ्यासकांत वाद पेटला. तिच्यात ओव्या प्रचलित प्रतीपेक्षा कमी आहेत आणि शब्दरूपं जुन्या वळणाची आहेत.

सामान्य वाचकाने या वादात शिरायची गरज नाही. पण एकदा गंमत म्हणून दोन प्रती शेजारी ठेवून एकच अध्याय उघडा. बारावा घ्या, आटोपशीर आहे. एका प्रतीत 'ने' असेल तिथे दुसरीत 'नें' दिसेल, कुठे एखादा शब्द बदललेला, कुठे एक ओवी नाहीच. मग तळटीपांतले पाठभेद एरवीसारखे कंटाळवाणे वाटत नाहीत. आणि पाहुण्यांना ओवीचा क्रमांक सांगताना प्रत कुठली तेही सांगायला लागाल.

अभंग पाठ आहे, पण गाथेत सापडत नाही. असं कसं?

तीन कारणं असतात. पहिलं, क्रमांक दुसऱ्या गाथेतला असतो. तुकोबांची छापील गाथा म्हटली की १८६९ आणि १८७३ मध्ये दोन भागांत निघालेली इंदुप्रकाश छापखान्याची गाथा आठवते. विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी ती देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या हस्तलिखितांवरून सिद्ध केली. मुंबई सरकारने ती १९५० मध्ये, तुकोबांच्या निर्याणाला तीनशे वर्षं झाली त्या निमित्ताने, पुन्हा छापली. तीच 'सरकारी गाथा'. तिच्यात साडेचार हजारांहून थोडे अधिक अभंग आहेत. देहूची गाथा वेगळी, जोगमहाराजांची सार्थ गाथा वेगळी, क्रम वेगळा.

दुसरं, तुम्हाला पाठ असलेली ओळ अभंगाच्या मधली असते आणि सूची असते पहिल्या चरणाची. गाण्यात धृपद आधी येतं, म्हणून हा घोटाळा नेहमीचा. सूचीत शोधताना धृपद आणि पहिला चरण, दोन्ही अक्षरांखाली बघा.

तिसरं कारण सांगितलं की लोक नाराज होतात: तो अभंग तुकोबांचा नसतोच. शेवटी 'तुका म्हणे' जोडलं की काहीही खपतं. हल्ली मोबाइलवर सकाळी सकाळी येणाऱ्या सुविचारांत तर फारच खपतं.

संतचरित्रांत चमत्कार फार. त्यातलं खरं किती धरायचं?

आधी लिहिणारा केव्हाचा ते बघा. नगरकडच्या, राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादचे महिपती (१७१५–१७९०) हे मराठी संतांचे सर्वांत मोठे चरित्रकार. त्यांचा 'भक्तविजय' १७६२ चा, 'भक्तलीलामृत' १७७४ चा. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या समाधीनंतर साडेचारशेहून अधिक वर्षांनी ही चरित्रं ओवीबद्ध झाली. महिपतींनी लपवाछपवी केलेली नाही. आपण नाभाजी आणि उद्धवचिद्घन या आधीच्या संतचरित्रकारांच्या आधारे लिहितो असं ते स्वतःच सांगतात. आधार सांगणारा चरित्रकार म्हणून आमच्या मनात त्यांच्याविषयी आदर आहे, आणि गोष्ट सांगण्याच्या हातोटीबद्दल त्याहून जास्त.

ज्ञानेश्वरांच्या जवळचं काही हवं असेल तर नामदेवांच्या नावावरचे 'आदि', 'तीर्थावळी' आणि 'समाधी' हे अभंग वाचा. त्यांतलं समाधीचं प्रकरण वाचताना चमत्काराची आठवणही होत नाही. माणसं रडताहेत, एवढंच दिसतं.

खऱ्या-खोट्याचा निवाडा करायचाच असेल तर महिपतींच्या शेजारी आधुनिक संशोधकांचं एखादं पुस्तक ठेवा. मात्र संशोधन वाचून झालं म्हणून 'भक्तविजय' रद्दीत घालू नका. अठराव्या शतकातल्या लोकांना आपले संत कसे हवे होते ते त्यातच कळतं.

बहिणाबाईंची गाथा मागितली तर कवितांचं पुस्तक हातात आलं!

बहिणाबाई दोन. एक सतराव्या शतकातल्या, शिऊरच्या, तुकोबांना गुरू मानणाऱ्या संत. 'संतकृपा झाली' हा, वारकरी पंथाची इमारत पायापासून कळसापर्यंत रचून दाखवणारा अभंग त्यांचा. त्यांच्या आत्मनिवेदनपर अभंगांत नवऱ्याचा विरोध, मारहाण आणि मागचे जन्म असं सगळं त्यांनी सांगितलंय. बाईने मराठीत स्वतःबद्दल इतक्या आधी इतकं उघड लिहिलेलं दुसरं सहज सापडत नाही. आत्मचरित्रांच्या कपाटात त्यांची गाथा का ठेवत नाहीत, हा आमचाच जुना प्रश्न आहे.

दुसऱ्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१), जळगावजवळच्या असोद्याच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर सुचलेली गाणी मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी उतरवून घेतली आणि ती १९५२ मध्ये, त्या गेल्यावर, पुस्तकरूपाने आली. दोन्ही वाचा, पण चिठ्ठीवर 'संत' की 'चौधरी' ते लिहा.

'श्रीमान योगी', 'स्वामी', 'मृत्युंजय' चरित्रात धरायची का?

नाही. त्या कादंबऱ्या आहेत आणि आमच्याकडे कादंबरीच्याच कपाटात असतात. वाचू नका असं अजिबात म्हणणं नाही. मराठी घरांतल्या कित्येकांना वाचनाची गोडी त्यांनीच लावली. पण 'स्वामी'त माधवराव आणि रमाबाई यांच्यातला जो संवाद आहे तो रणजित देसाईंनी रचलेला आहे, कुठल्या दफ्तरात सापडलेला नाही. वक्तृत्व स्पर्धेत तो इतिहास म्हणून सांगितला जातो तेव्हा परीक्षकही माना डोलावतात, हे बघून आम्हाला हसू येतं.

शिवाजी महाराजांबद्दल जुनं काही वाचायचं असेल तर कृष्णाजी अनंत सभासदाची बखर काढा. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीला, १६९७ च्या सुमारास लिहिलेली, लहानशी आहे. महाराजांच्या पदरी राहिलेल्या माणसाने लिहिलेली म्हणून तिचं मोल. बखरीतही अतिशयोक्ती असते आणि दंतकथाही येतात. पण वाक्यं अशी तुटक आणि ठसठशीत की एका बैठकीत वाचून होते.

एकाच थोर माणसाची पाच-सहा चरित्रं असतात. निवडायचं कसं?

शेवटची पानं उघडा. संदर्भसूची आणि नामसूची आहे का? मग लेखक चरित्रनायकाचा कोण होता ते बघा. लोकमान्यांचं त्रिखंडी चरित्र न. चिं. केळकरांनी लिहिलं, ते टिळकांचे निकटचे सहकारी, 'केसरी'चे संपादक. त्यामुळे आतली माहिती भरपूर आणि भूमिकाही आतलीच. हे दोष म्हणून सांगत नाही, एवढं ध्यानात ठेवून वाचा म्हणून सांगतो.

डॉ. आंबेडकरांचं चरित्र हवं असेल तर चां. भ. खैरमोडे यांचे खंड आणि धनंजय कीर यांचं पुस्तक, असे दोन रस्ते आहेत. खैरमोड्यांचा पहिला खंड १९५२ मध्ये, बाबासाहेब हयात असताना आला. पत्रं, भाषणं, आठवणी, वर्तमानपत्रांतली कात्रणं यांचा तो साठा आहे. सलग वाचायला जड, पण हवं ते प्रकरण उघडून बसलात तर तास कुठे गेला ते कळत नाही. कीरांचं मूळ इंग्रजी पुस्तक १९५४ चं, मराठीतही आहे, आणि ते गोष्टीसारखं पुढे सरकतं. ज्याला वेळ कमी त्याने कीर घ्यावेत, ज्याला शंका फार त्याने खैरमोडे.

आत्मचरित्रांत सुरुवात कुठून करू?

'स्मृतिचित्रे'. यावर आम्ही चर्चा करत नाही.

कारण सांगायचं तर, लक्ष्मीबाईंना शाळेचं शिक्षण नव्हतं आणि म्हणूनच की काय त्यांच्या वाक्यात पुस्तकीपणा औषधालाही नाही. वडील सोवळ्याने झपाटलेले, नवरा कवी आणि कमालीचा धांदरट. घरात दिडकी नसताना कुणालाही जेवायला घेऊन येणारा. १८९५ मध्ये ना. वा. टिळक ख्रिस्ती झाले, घर मोडलं, आणि काही वर्षांनी बाईंनी आपला निर्णय आपल्या बुद्धीने केला. हे सारं त्या हसत सांगतात. रडायला येतं ते वाचणाऱ्याला. पुढे टिळकांचं 'ख्रिस्तायन' साडेदहा अध्यायांवर थांबलं होतं, ते त्यांच्या पश्चात पुरं करणाऱ्याही याच. 'स्मृतिचित्रे' चार भागांत १९३४ ते १९३७ मध्ये आली. संक्षिप्त प्रतही मिळते. आग्रह असा की संपूर्ण घ्या.

त्याच्या मागेपुढे रमाबाई रानड्यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) आणि आनंदीबाई कर्व्यांचं 'माझे पुराण' वाचा. रमाबाईंचं पुस्तक वरवर पतीचं चरित्र आहे. पण दिवसा सासरच्या बायकांचं बोलणं खायचं आणि रात्री नवऱ्याकडून शिकायचं, हा ताण पानापानांत आहे.

मग एकदम १९७८ मध्ये या. दया पवारांचं 'बलुतं' त्या वर्षी आलं आणि मराठी आत्मचरित्राची हद्दच सरकली. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' (१९८०), बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' (१९८६), लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' (१९८७). रमाबाईंच्या वाड्यातून बेबीताईंच्या महारवाड्यात पाऊल टाकलं की जे दिसतं ते कुठल्याही समाजशास्त्राच्या पुस्तकात इतकं जवळून दिसत नाही.

धर्मचिंतन म्हणजे हिंदू धर्माचीच पुस्तकं का?

मुळीच नाही, आणि कपाट तसं लागलेलं असेल तर ते ग्रंथपालाचं आळशीपण. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट गोव्यात राहिले आणि त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' मराठीत रचलं. १६१६ मध्ये ते राईतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. त्या छापील आवृत्तीची एकही प्रत उरलेली नाही. देवनागरीत पुस्तक यायला १९५६ उजाडलं. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातल्या ओव्या शाळेत सगळ्यांनी ऐकलेल्या असतात. पुढचं पुराण मात्र फारसं कुणी उघडत नाही. उघडा. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या वळणाच्या ओवीत येशूचा जन्म वाचणं हा अनुभव वेगळाच आहे.

श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा 'योगसंग्राम' आहे. कोसंबींचं 'भगवान बुद्ध' आहे, त्यात चमत्कार गाळून पाली ग्रंथांच्या आधारे बुद्ध शोधलाय. जोतीराव फुल्यांचं 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये आलं. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा समोरासमोर बसवायची त्यांची ढब 'गुलामगिरी'तही (१८७३) आहे, म्हणून दोन्ही पुस्तकं मोठ्याने वाचायला फार छान. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचं 'वैदिक संस्कृतीचा विकास' जरा दमाचं आहे. साहित्य अकादमीचा मराठीतला पहिला पुरस्कार त्यालाच मिळाला.

गीतेवर काय वाचू? 'गीतारहस्य' जमेल का?

सलग? बहुतेकांना जमत नाही, आणि घरोघरी बॅरिस्टरच्या थाटात काचेच्या कपाटात बसलेल्या प्रती त्याची साक्ष आहेत. लोकमान्य टिळकांनी ते मंडालेच्या तुरुंगात १९१०–११ च्या हिवाळ्यात पेन्सिलीने वह्यांत लिहिलं आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालं. आधी प्रस्तावना वाचा, मग थेट अकरावं प्रकरण, 'संन्यास व कर्मयोग'. वादाचं मर्म तिथे आहे. रुचलं तर मागे जा.

सोपी वाट हवी असेल तर विनोबांची 'गीता-प्रवचने'. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी विनोबा बोलत आणि साने गुरुजी उतरवून घेत. अठरा अध्याय, अठरा प्रवचनं. बोललेली भाषा आहे, त्यामुळे अडत नाही. 'गीताई', म्हणजे विनोबांनीच केलेली मराठी गीता, शेजारी ठेवा. एक गंमत लक्षात येईल: गीतेवरची मराठीतली ही दोन्ही मोठी पुस्तकं तुरुंगात झाली.

बायकांनी गुरुचरित्र वाचू नये म्हणतात. वाचनालयातून मिळेल का?

मिळेल. वर्गणी भरलेली असली की झालं. घरी काय पाळायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

जुनी भाषा कळत नाही. काय करावं?

मोठ्याने वाचा. ओवी डोळ्यांनी वाचायची चीजच नाही. पहिल्या तीन चरणांचं यमक कानावर पडलं की वाक्य कुठे संपलं ते समजतं आणि निम्मा अर्थ लागतो.

गद्यात थोडी सवय लागते. 'लीळाचरित्रा'त पानोपानी 'म्हणीतलें' येतं, ते आपलं 'म्हटलं'. 'गोसावी' म्हणजे चक्रधर, 'भक्तिजन' म्हणजे भोवतीची मंडळी. वाक्यं मात्र इतकी छोटी की आजच्या वर्तमानपत्राला लाजवतील. कुणी आलं, काही विचारलं, स्वामींनी उत्तर दिलं, लीळा संपली. दहा लीळा वाचल्या की अकरावीला शब्दकोश लागत नाही. हा ग्रंथ महानुभावांनी सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत शतकानुशतकं जपून ठेवला. मूळ पोथी धामधुमीत गहाळ झाल्यावर तो आठवणीतून पुन्हा उभा केला गेला, म्हणून त्याचे वेगवेगळे 'पिढीपाठ', म्हणजे परंपरेने आलेले निरनिराळे पाठ, आहेत. दोन प्रतींत लीळांचा क्रम जुळला नाही तर गोंधळू नका.

आणि 'दासबोध' विसरू नका. वीस दशक, प्रत्येकी दहा समास, असे दोनशे छोटे समास. चाळण्यासाठीच बांधल्यासारखा ग्रंथ आहे. लेखनावरचा समास आहे, मूर्खलक्षणांचा आहे. कुठूनही उघडा. मूर्खलक्षणांत मात्र ओळखीची माणसं शोधत बसू नये, घरात भांडणं होतात.

मराठीला अभिजात दर्जा मिळाला. मग अभिजात पुस्तकांची सरकारी यादी कुठे आहे?

तशी यादी नसते. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने दर्जा दिला तो भाषेला, पुस्तकांना नाही. भाषेचं प्राचीनत्व दाखवायला ज्याचा दाखला देतात ती हालाची 'गाथासप्तशती' मात्र जरूर बघा. महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथा, शेत, पाऊस, चोरटं प्रेम. स. आ. जोगळेकरांची अर्थासह आवृत्ती १९५६ ची आहे. ती बहुधा संदर्भ विभागात असते, म्हणून तिथेच बसून वाचावी लागते.

पीडीएफ फुकट उतरवून घेतली तर बेकायदेशीर आहे का?

पुस्तकावर अवलंबून. भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं प्रताधिकार असतो. लोकमान्य टिळक १९२० मध्ये गेले, लक्ष्मीबाई १९३६ मध्ये, साने गुरुजी १९५० मध्ये, यांचं लेखन मुक्त आहे. विनोबा १९८२ मध्ये गेले, त्यांचं नाही. ज्ञानेश्वरी कुणाच्याही मालकीची नाही, पण तिचा कालपरवा केलेला अर्थ आणि टीपा त्या त्या लेखकाच्या आहेत. इथेच लोक फसतात.

राजरोस मिळतं तेच इतकं आहे की जन्म पुरणार नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी प्रकाशनं संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत. मराठी विश्वकोश तिथल्या तिथे शोधता येतो. विकिस्रोतावर टंकलिखित जुनी पुस्तकं आहेत, त्यांत शब्द शोधता येतो. इंटरनेट अर्काइव्हवर स्कॅन प्रतींचा डोंगर आहे. पण नावं रोमन लिपीत आणि वाटेल तशी लिहिलेली, त्यामुळे एकच नाव तीन-चार प्रकारे टाइप करून बघा. उतरवण्याआधी पानं सरकवून पाहा. मधली पानं गायब असतात, तर कधी प्रत्येक पानावर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा असतो.

महाराष्ट्राबाहेर राहतो. जुनी मराठी पुस्तकं बघायला मिळतील का?

तंजावरला सरस्वती महाल ग्रंथालय आहे. भोसले राजांच्या काळातली मराठी हस्तलिखितं आणि मोडी कागद तिथे आहेत. गोव्यात पणजीला पाटो इथलं मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ पासूनचं. आज ते कृष्णदास शामा यांच्या नावाने ओळखलं जातं. केळशीच्या या कवीने १५२६ मध्ये कृष्णचरित्र मराठीत लिहिलं आणि त्याचं हस्तलिखित सापडलं ते थेट पोर्तुगालात, ब्रागाला.

जुन्या बाजारात पुस्तक घेताना काय बघावं?

पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास किंवा मुंबईत फोर्टच्या पदपथावर उभे असाल तर घाई करू नका. पुस्तक पाठीवर धरून हलकेच उघडा, शिवण सुटलीय का बघा. पृष्ठक्रमांक सलग आहेत का ते मध्ये दोन-तीन ठिकाणी तपासा. खंडांपैकी एकच सुटा खंड असेल तर उरलेले मिळण्याची आशा धरू नका, तो एकटाच वाचनीय असेल तरच घ्या. पानांच्या कडेला चाळणीसारखी भोकं दिसली तर कसरीने आधीच वाचन केलंय असं समजा आणि घरच्या कपाटात लगेच ठेवू नका. वाचनालयाचा शिक्का असेल आणि 'रद्द' असा शिक्का नसेल, तर विक्रेत्याला विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर सोडून द्या.

आजोबांची पुस्तकं आणि पोथ्या वाचनालयाला द्यायच्या आहेत. घ्याल का?

आधी यादी करून आणा. नाव, लेखक, आवृत्तीचं वर्ष, एवढं पुरे. चार गोण्या भरून थेट दारात आणू नका. कादंबऱ्यांच्या जुन्या प्रती आमच्याकडे आधीच असतात. स्थानिक माणसाचं छोटं चरित्र, गावच्या देवस्थानाची पोथी, कुणाच्या तरी साठीनिमित्त छापलेला गौरवग्रंथ, हे मात्र कुठेच नसतं आणि हवं असतं.

हस्तलिखित पोथ्या असतील तर सामान्य वाचनालयाला देऊ नका. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा भांडारकर संस्था अशा ठिकाणी आधी विचारा. पोथी रुमालात जशी बांधलेली आहे तशीच राहू द्या, सुटी पानं 'नीट लावायला' जाऊ नका. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नका, तिचा डिंक काही वर्षांत कागद खातो. आणि पहिल्या कोऱ्या पानावर आजोबांची सही, तारीख, किंमत असलं काही असेल तर ते पान फाडून ठेवून घेऊ नका. हवं तर फोटो काढून घ्या.